मुळाशी तेल न्हाय

गळालेला केस दिसला की शमीमआपा तो उचलतात. स्वतःच्या पार्लरमध्ये उचलतात ते ठीक, पण वाशीहून येताना एसटीत पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईच्या खांद्यावरून उचलायचा म्हणजे फारच झालं. मी शेजारी बसले होते आणि खिडकीबाहेर बघत आपली ओळख नसल्याचं दाखवत होते. आपांनी केस उजेडात धरला, टोक निरखलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "मुळापासून आलाय. घाबरू नका, वय झालं होतं त्याचं." त्या बाईनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि कळंब येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

कळंबला बाजारपेठेत आपांचं पार्लर आहे. दुकानामागच्या खोलीत त्या एकट्याच राहतात. नवरी सजवणाऱ्या गावात पुष्कळ आहेत, आपांचा हात केस जोडण्यात. विकतच्या केसांची बट गरम डिंकाच्या बारीक मण्यानं आपल्या केसांना चिकटवायची. अशा केसांना त्या 'पाहुणे' म्हणतात आणि आपल्या केसांना 'घरचे'. बट गळाली की टोक बघून निदान होतं. टोकाला मणी जसाच्या तसा असला तर "पाहुणा घसरला, तेल लागलं." मण्यात अडकून आपलेही केस आले असले तर "ओल्या केसाला फणी घातली, पाहुण्यानं घरच्याला संगं नेलं."

गिऱ्हाईक खुर्चीतून उठण्याआधी नियम पाढ्यासारखे म्हणून दाखवायचे. मुळाशी तेल न्हाय. ओल्या केसानं झोपणं न्हाय. फणी खालून वर, मुळाला हातानं धरून. तीन महिने झाले की पाहुण्याला निरोप. मी शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेते, तर मलाच चुकल्यावर पहिल्यापासून म्हणायला लावलं. त्यांच्या दुकानात तेलाची बाटलीसुद्धा नाही.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगायची लाज वाटते.

डेंग्यूनं माझ्या वेणीची उंदराची शेपटी झाली आणि धाकट्या दिराचं लग्न तोंडावर आलं. मी गुपचूप आपांकडं जाऊन पाहुणे बसवून घेतले आणि घरी आवळ्याचा गुण म्हणून सांगितलं. सासूबाई हरखल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्या माझ्याशी कधी चार शब्द गोड बोलल्याचं मला आठवत नाही. हळदीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी करडईचं तेल कोमट केलं, पाट मांडला आणि म्हणाल्या, "ये गं, बस माझ्याम्होरं."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि जाऊन बसले. त्यांची बोटं मण्यांना लागली.

"ह्या गुठळ्या कशाच्या गं?"

"उष्णतेच्या असतील."

"मंग तर तेल लईच पायजे," म्हणत त्यांनी सगळी वाटी डोक्यावर रिकामी केली आणि एकेक गुठळी बोटांनी मळली. मला इतकं बरं वाटत होतं की मी डोळे मिटून घेतले.

लग्नाच्या दिवशी मामेसासूंच्या पाया पडायला वाकले आणि एक बट सुटून त्यांच्या पावलावर पडली. ती मी झटकन उचलली, तोवर दुसरी पडली. ती सासूबाईंनी उचलली. मांडवातल्या बायका बघत होत्या. केस खोटे आहेत म्हणायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "त्या शमीमआपांनी डोक्याला कसलंसं औषध लावलं. तेव्हापासून केस हातात येतायत."

एवढं पुरलं. लगीनसराईत आपांच्या दारात चपलांचा ढीग असायचा, तिथं एखाददुसरा जोड दिसायला लागला. मी शाळेला मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

सासूबाईंनी ती बट कागदात जपून ठेवली होती. बाजाराच्या दिवशी ती घेऊन त्या आपांशी भांडायला गेल्या. परत आल्यावर मला जेवायला वाढता वाढता सांगू लागल्या, "चूक कबूल केली बाईनं. केस उजेडाला धरला, वास घेतला आन् इचारलं, तेल कुनी लावलं? म्या म्हनलं, म्याच, कोमट करून. तर म्हनली, लई चांगलं केलं काकू. औषधच माझं वाईट होतं, सुनेला काई बोलू नका."

मी ताट सारलं आणि सगळं सांगून टाकलं: पाहुणे, डिंक, आवळा, मांडवातलं खोटं.

सासूबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी त्या गुठळ्या?"

"डिंकाच्या."

"आन् म्या मळत बसले व्हय." त्यांनी फळीवरची करडईच्या तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. "जा, माफी माग तिची. रिकाम्या हातानं जाऊ नको. बायकांना काय सांगायचं ते म्या सांगते."

तेल घेऊन आपांच्या दुकानात शिरायचं म्हणून मी बाटली पदराखाली लपवून नेली. आपा एकट्याच आरसा पुसत होत्या. मी माफी मागितली, पण मान वर करता येईना.

"आपा, तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू, बाई? वास आला तवाच कळलं मला. पण काकू किती कौतुकानं म्हणल्या, म्याच लावलं म्हणून. तुमच्या तेलानंच घात केला, असं म्हणू त्यांना?" त्या आरसा पुसतच राहिल्या. "तुमच्या जागी मी असते, तर त्या तेलाला मीबी न्हाय म्हणले नसते."

मी बाटली आरशापुढं ठेवली. आपांनी ती उघडून वास घेतला.

"वीस वर्सं झाली, लोकांच्या डोक्याला हात लावते मी," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्याला अम्मीचा हात होता, तो गेला."

त्यांनी दाराला आतून कडी घातली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि ओढणी खाली घेतली. इतक्या वर्षांत आपांचे केस मी पहिल्यांदा पाहिले. विरळ होते, पांढरे आणि कोरडे.

मी हातावर तेल घेतलं. ज्या बाईचं नाव मी गावभर खराब केलं, तिच्या डोक्याला हात लावायचा धीर होईना. मी नुसती टोकंच भिजवत राहिले. आरशात आपांनी डोळे मिटले होते.

"मुळाशी, बाई," त्या म्हणाल्या. "मुळाशी चोळा."