सासऱ्याच्या राजाची उडी

या खेपेला सासऱ्याला मात देणार म्हणजे देणारच, असं लडकूनं साऱ्या किन्हवलीला सांगून ठेवलं होतं. त्याची बायको वत्सला शिमग्याला धसईला माहेरी गेली, ती तिकडेच अडकली. सासरे देवजी बुद्धिबळाचे वेडे, आणि धसईत त्यांच्याशी खेळायला कोणी उरलं नव्हतं. "मला एक मात दे नि पोरीला ने," म्हणाले. लडकू जाई आणि हरून येई. घरी करपलेल्या भाकऱ्या खाऊन त्याचा जीव विटला होता.

मग शहापूरच्या एका कंपाउंडरकडून त्यानं पुस्तक मिळवलं. विलायतेतल्या जगज्जेत्याचे डाव, चालीचालीवर टीप. 'येथे काळा फसला!' पठ्ठ्यानं नांगर धरून ते पाठ केलं. बैलांनासुद्धा उंटाच्या चाली कळू लागल्या असतील.

पट मांडला. ओटीवर निम्मी धसई जमली. वत्सला बोचकं बांधून दारात उभी. लडकूनं पहिलंच प्यादं दोन घरं सारलं. देवजींनी ते बोटानं एक घर मागं ओढलं.

"जावईबापू, हितं प्यादं एकच घर चालतं."

लडकूला घाम फुटला. पण पुढं डाव नेमका पुस्तकाच्या वाटेला लागला. देवजींचा राजा कोपऱ्यात कोंडला. आता हत्ती आणला की मात! वत्सलेनं बोचकं उचललं.

देवजींनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून मोकळ्यात ठेवला. आपल्याकडे शह बसण्याआधी राजा एकदा असा उडतो, हे लडकूला लहानपणापासून ठाऊक. पण विलायती राजाच्या नादात तो घरचा राजा विसरला होता.

"पन टिपेत लिवलंय, काळ्याला सुटका नाय!"

"कुठली टीप?"

लडकूनं बंडीतून पुस्तक काढलं. देवजींनी आधी त्याला मात दिली, मग चष्मा लावला. वाचता वाचता म्हातारा हरखला.

"पोरीला ने. हे हितं ठेव."

"ठेवा, मामा."

वत्सलेनं बोचकं खाली टाकलं.

"मी काय भोपळा हाय, अदलाबदल करायला? नि तुमी लगेच 'ठेवा' म्हनलात? मी नाय येत." ती आत निघून गेली.

लडकूनं काकुळतीनं सासऱ्याकडे पाहिलं. देवजींनी पान उलटलं.

"रुसलीय. दुसरा भाग घेऊन ये, मंग बघू."