पर्समधल्या पिस्तुलाचा रंग

"हा हिरवा नव्हे," मॅव्हिस लेडबेटर म्हणाली. "हा डब्यातल्या घेवड्याचा रंग आहे. आणि डबा काल उघडलेला."

ऑर्विल टिपटन याने ते पिस्तूल तिच्या हातून घेतले. गोळ्यांची पेटी काढलेली आहे, नळी रिकामी आहे, हे स्वतः पाहिले, तिलाही दाखवले, आणि काचेच्या टेबलावरील मखमलीच्या तुकड्यावर इतर भावंडांशेजारी त्यास निजवले. पिस्तूल ग्राहकाच्या हाती देताना आणि परत घेताना हा विधी करायचाच, असा त्याच्या दुकानाचा दंडक होता आणि नित्यकर्माप्रमाणे तो आजवर कधीही चुकला नव्हता. परंतु ज्याने हा दंडक घातला त्या तरुण ऑर्विलला मॅव्हिस लेडबेटर ठाऊक नव्हती.

मखमलीवरील सर्व पिस्तुले एकाच कुळातली होती. बांधा तोच, वजन तेच, तळहाताखाली झाकली जावीत इतकाच आकार. भेद होता तो केवळ वर्णाचा. वरचा सरकता पोलादी भाग कुठे मंद काळा, कुठे लखलखीत चंदेरी, कुठे ब्राँझच्या जुन्या घंटेसारखा. आणि खालचा मुठीचा भाग, ज्यास या व्यवसायात फ्रेम म्हणतात, तो काळा, राखाडी, वाळूच्या रंगाचा, हिरवा, जांभळा, आणि रॉबिन पक्ष्याच्या अंड्यासारखा फिकट निळा. कोणता वरचा भाग कोणत्या फ्रेमवर शोभेल, याच्या जुळणीचा शास्त्रार्थ गेले कित्येक शनिवार टेनेसीच्या डोंगरांतील या लहानशा दुकानात चालला होता.

"चंदेरी घे की," तिचा नवरा रॉस्को भिंतीला टेकून म्हणाला. त्याच्या स्वरात आता आग्रह उरला नव्हता. केवळ याचना होती.

"चंदेरीवर बोटांचे ठसे उठतात. आपल्या फ्रिजचं काय झालंय बघतोस ना?"

"मग वाळूचा घे."

"बॅप्टिस्ट चर्चमधलं नवं जाजम आठवतं मला."

"निळा?"

"माझ्या बहिणीच्या न्हाणीघरातल्या फरश्या!"

"अगं, पण ते पर्समध्ये राहणार! कुणाला दिसू नये म्हणून तर घ्यायचं ना? रंग कुणाला दिसतोय?"

"आतले कपडे तरी कुणाला दिसतात, रॉस्को? म्हणून काय भोकं पडलेले घालतो का माणूस? तू घालतोस म्हणा."

ऑर्विलने छताकडे पाहिले. त्याचे दोन्ही गुडघे दुखत होते. शनिवारी दुकान लवकर बंद करून गरम पाण्यात पाय सोडून बसावे, एवढीच माफक इच्छा त्याने या ऋतूत बाळगली होती आणि तीही अद्याप फळास आली नव्हती.

रॉस्कोची अडचण निराळी होती. तो आयुष्यभर मालट्रक हाकत आला होता. वर्षापूर्वी निवृत्त होऊन घरी बसला, तो छप्पर गळू लागले. जुन्या कंपनीने हिवाळ्यापुरते लांबच्या पल्ल्यावर, थेट नेब्रास्काकडे, बोलावले, आणि छपराच्या पैशासाठी तो हो म्हणून बसला. परंतु लेडबेटरांचे घर डोंगरामागच्या घळीत अगदी शेवटचे. हाक मारली तर ओ देण्यास सर्वांत जवळ होती ती पलीकडच्या कुरणातली शेजारी बर्लसनची गाय. मॅव्हिसपाशी बापाची लांब बंदूक होती आणि तिचा नेम रॉस्कोहून चांगला होता. पण ती बंदूक गाडीत चढता-उतरता नेण्याजोगी नव्हती. म्हणून रॉस्कोने चारचौघांत शपथ वाहिली होती: मॅव्हिसच्या पर्समध्ये नीटसे लहान पिस्तूल पडल्याशिवाय आपण ट्रकच्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही. कंपनीने दोनदा मुदत वाढवून दिली होती. आता सोमवारी सकाळी तो निघाला नाही, तर ट्रक दुसऱ्याच्या हाती जाणार होता.

"मॅव्हिस," ऑर्विल धीर एकवटून म्हणाला, "एक सांगू? सगळी सारखीच उडतात."

"तुझ्या बायकोने तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तिलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार," मॅव्हिस म्हणाली आणि वाळूच्या रंगाचे पिस्तूल उचलून छताच्या ट्यूबलाइटखाली फिरवू लागली. "हे बघ, आता हेही हिरवट दिसायला लागलं. दोष तुझ्या दिव्याचा आहे, ऑर्विल. या उजेडात माणूससुद्धा प्रेतासारखा दिसतो. रॉस्कोकडे बघ."

दोघांनी रॉस्कोकडे पाहिले. तिच्या म्हणण्यात तथ्य होते.

"उन्हात बघायला हवं," ती म्हणाली. आणि ऑर्विल टेबलाला वळसा घालेपर्यंत दाराची घंटी किणकिणली व मॅव्हिस पिस्तुलासह उंबऱ्याबाहेर गेलीसुद्धा.

न विकलेले पिस्तूल दुकानाबाहेर जाणे, हे त्या व्यवसायात महापातकांत गणले जाते. तेवढ्यात बाहेरून मॅव्हिसची हाक आली: "रॉस्को! राखाडी घेऊन ये! लवकर, ढग येतोय!"

सदतीस वर्षांच्या संसारात अशा हाकेसरशी उठण्याची सवय रॉस्कोच्या पायांना लागली होती. त्यात बुद्धीचा सहभाग नसे. त्याने राखाडी पिस्तूल उचलले, बाहेर थंडी असेल म्हणून जाकिटाची टोपी पार नाकापर्यंत ओढली आणि धावत सुटला. मागोमाग ऑर्विल लंगडत निघाला. "परत द्या! अरे, परत द्या ते!"

आता, ऑर्विलच्या दुकानाला लागूनच गावची बँक होती आणि तिची दर्शनी भिंत संपूर्ण काचेची होती. आतून जे दृश्य दिसले त्याचा विपरीत अर्थ लावल्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. करड्या केसांची एक स्त्री पिस्तूल आकाशाकडे धरून बँकेच्या दिशेने चालत येत होती, कारण ऊन तिकडे होते. तिच्यामागून तोंड झाकलेला इसम दुसरे पिस्तूल घेऊन धावत होता. आणि त्यांच्यामागून गावातील एक प्रतिष्ठित व्यापारी लुटल्या गेलेल्या माणसाच्या स्वरात टाहो फोडत होता.

बँकेची दारे आतून खटकन बंद झाली. माणसे टेबलांखाली गेली. व्यवस्थापिका ग्लेंडा स्वॅफर्ड हिने गुडघ्यावर बसून धोक्याचे बटण दाबले.

"ऐकलंस?" मॅव्हिस म्हणाली. "काहीतरी वाजलं."

"बँकेची घंटा आहे ती," ऑर्विल धापा टाकत म्हणाला. "मॅव्हिस, देवाच्यान आत चल."

"थांब रे. उन्हात राखाडी निळसर मारतंय की नाही?"

शेरिफच्या गाडीला यायला वेळ लागला नाही. दिवा फिरवत ती आली, करकचून थांबली, आणि डेप्युटी कोडी बर्चफील्ड दाराच्या आडोशाने खाली उतरला. समोर पाहिले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरील शौर्य हळूहळू मावळले. लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत दहा आज्ञा त्याच्याकडून घोकून घेणारी बाई हीच होती.

"मॅव्हिसबाई," तो खोल आवाजात म्हणाला, "हातातलं खाली ठेवा. रॉस्को, तुम्हीपण."

"ठेवू कुठे?" मॅव्हिसने विचारले. "डांबरावर? ओरखडा उठला तर ऑर्विल माझ्याच गळ्यात बांधेल. गाडीच्या टपावर ठेवते, पण आधी काहीतरी अंथर. तुझी टोपी दे."

कोडीने जरा विचार केला आणि टोपी दिली. टोपीत एकच पिस्तूल मावले. दुसऱ्यासाठी रॉस्कोने जाकीट काढून अंथरले. ऑर्विलने दोन्ही रिकामी असल्याची खात्री केली, कोडीलाही दाखवले आणि मग पादचारी मार्गाच्या काठावर बसकण मारली.

"हं," मॅव्हिस म्हणाली. "बरं झालं आलास. तुझी दृष्टी तरुण आहे. सांग, वाळूचा की राखाडी?"

"बाई, मी इथे दरोड्यासाठी आलोय."

"तो होईल सावकाश. आधी सांग."

कोडीच्या खांद्यावरील बिनतारी यंत्र खरखरले. शेरिफच्या कचेरीतून वँडा विचारत होती: "कोडी, परिस्थिती काय आहे? मदत पाठवू का?"

कोडीने यंत्र तोंडाशी नेले. "परिस्थिती..." तो म्हणाला, "रंगाची आहे. लेडबेटर काकूंना पिस्तूल घ्यायचंय. वाळूचा का राखाडी, असं चाललंय."

यंत्र पुन्हा खरखरले. वँडा म्हणाली, "तिला म्हणावं वाळूचा घेऊ नको. माझा आहे. पर्समध्ये लिपस्टिक फुटली, अजून डाग गेला नाही."

"बघ!" मॅव्हिस रॉस्कोला म्हणाली. "हे दुकानदार सांगत नाहीत."

इतक्यात बँकेचे दार किलकिले झाले आणि ग्लेंडा स्वॅफर्ड बाहेर आली. तिचे मोजे गुडघ्यावर फाटले होते व डोळ्यांत अंगार होता. "कोडी, यांना अटक कर! माझी माणसं टेबलाखाली रडतायत! आणि मॅव्हिस, तुला लाज कशी नाही वाटली?" असे म्हणता म्हणता ती गाडीपर्यंत येऊन पोहोचली, आणि तिची दृष्टी टपावर गेली. तिचे बोलणे मंदावले. "आणि हे राखाडी काय घेतेस? वय दिसतं त्यात. जांभळं बघ. माझं जांभळंच आहे."

"जांभळं आत आहे," मॅव्हिस म्हणाली. "रॉस्को—"

"नाही!" तीन पुरुष एकदम ओरडले. चौथा स्वर यंत्रातून वँडाचा होता.

सर्वजण आत आले. कोडीने ऑर्विलला बजावले की पुन्हा माल उंबऱ्याबाहेर दिसला तर त्याला नाइलाजाने वर कळवावे लागेल. ऑर्विलने मान डोलावली; त्या क्षणी परवाना गेला असता तरी त्याने कदाचित आभारच मानले असते. ग्लेंडाने जांभळ्याची बाजू पोटतिडकीने मांडली, बँकेत माणसे कोंडलेली आहेत हे आठवल्यावर ती निघून गेली, आणि तिच्यामागोमाग कोडीही टोपी झटकत गेला. दुकानात पुन्हा तिघेच राहिले. बाहेर ऊन उतरले होते.

मॅव्हिस मखमलीपुढे उभी राहिली. तिने एकेक पिस्तूल पाहिले, पण आता हाती घेतले नाही. तिचे खांदे किंचित खाली आले होते.

"काळं दे," ती म्हणाली.

ऑर्विलला आपण नीट ऐकले याची खात्री वाटेना. "काळं? वरचा भाग पण काळा? फ्रेमपण?"

"सगळं काळं. साधं. शपथ वाहिलीय ना या माणसाने? किती दिवस अडवून धरायचं त्याला? जाऊ दे एकदाचा नेब्रास्काला." तिने पर्स उघडून ओळखपत्र काढून ठेवले. तसे करताना तिने रॉस्कोकडे पाहिले नाही.

ऑर्विलच्या अंगी त्या वाक्याने एकदम उत्साह आला. त्याने काळे पिस्तूल पुसले, खोके काढले, किल्ली, पुस्तिका, सारे रचून ठेवले. गुडघे दुखत आहेत हेही तो विसरला. विक्रीपूर्वी ग्राहकाची करावी लागणारी सरकारी चौकशी उरकण्यासाठी फोन उचलणार, तोच त्याने मागे पाहिले. ज्याने आनंदाने उडी मारायला हवी होती तो रॉस्को काळे पिस्तूल दोन्ही हातांत धरून उभा होता.

"मॅव्हिस," तो म्हणाला, "हे काळं जरा... जास्त काळं नाही वाटत?"

"काळं काळंच असणार, रॉस्को."

"नाही, म्हणजे पर्सचं अस्तरपण काळंच आहे. आत हात घातला तर सापडणार कसं?"

"हाताला लागेल ते."

"आणि घाईत तू चष्म्याची डबी उचललीस तर? तीही काळीच आहे." त्याने पिस्तूल हलकेच मखमलीवर ठेवले. तो ऑर्विलकडे वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "ऑर्विल, तू म्हणाला होतास ना, नवे रंग यायचेत म्हणून?"

ऑर्विल असे काहीही म्हणाला नव्हता. हा कारखाना नवे रंग काढणार असल्याची वार्ता त्याच्या कानी नव्हती. आणि मालाविषयी ग्राहकाशी खोटे बोलायचे नाही, हे व्रत तो दुकान उघडल्यापासून पाळत आला होता. समोर झालेली विक्री होती. पिस्तूल पुसलेले होते. ओळखपत्र टेबलावर होते. दाराला कुलूप घालण्यास एक फोन तेवढा उरला होता.

त्याने रॉस्कोकडे पाहिले, मग मॅव्हिसकडे. मॅव्हिस पर्सच्या बंदाशी चाळा करत त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.

"यायचेत," ऑर्विल म्हणाला.

"कधी?" मॅव्हिसने विचारले.

"सांगता येत नाही. हिवाळा संपता संपता बहुतेक."

मॅव्हिसने ओळखपत्र उचलून पर्समध्ये टाकले. "मग आत्ताच काळं घेऊन टाकणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा," ती ठामपणे म्हणाली. "मग सोमवारचा ट्रक गेला म्हणायचा. शपथ ती शपथ," रॉस्को गंभीरपणे म्हणाला आणि त्याने तिच्यासाठी दार उघडून धरले. उंबऱ्यापाशी ती वळली.

"किती रंग येणारेत, ऑर्विल?"

"पुष्कळ," ऑर्विल म्हणाला, आणि स्टुलावर बसून गुडघे चोळू लागला.