भावाची गाडी ऑस्ट्रियाला

कोविडची टेस्ट करून मी घरी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारचा मिलिंद जाधवही टेस्ट करून आला. त्याला ना सर्दी, ना खोकला. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "तुझा रिपोर्ट किती तासांत आला?"

"तीस-बत्तीस."

"माझा एकोणीस!" एवढं बोलून तो समाधानाने आत गेला.

मिलिंदला दुसऱ्याचं काहीही बघवत नाही. सिडनीच्या गिरावीन उपनगरातली आमची टाउनहाउसं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे माझ्या घरात काय चाललंय ते त्याला माझ्याआधी कळतं. त्या मार्चमध्ये टॉयलेट पेपरसाठी दुकानांत झटापटी चालल्या होत्या आणि मला नशिबाने चोवीस रोलांचा गठ्ठा मिळाला. मिलिंदने तो दाबून पाहिला. "टू-प्लाय, दोनच पदरी. त्यात काय एवढं?"

हे त्याचं पालुपद. माझ्या लिंबाला लिंबं लगडली, त्यात काय एवढं? ऑफिसात कुणाला प्रमोशन मिळालं, त्यात काय एवढं? त्याची बायको सुजाता त्याला तोंडावर जळकुकडा म्हणते. तो रागावतही नाही. म्हणतो, "मी जळत नाही गं, कम्पेअर करतो."

पण खरी जळजळ त्याने राखून ठेवली होती ती धाकट्या भावासाठी. नितीन जर्मनीत असतो, स्टुटगार्टला. "त्यांच्या हायवेला स्पीड लिमिटच नाही," मिलिंद सांगायचा, "आणि आपण इथे स्कूल झोनमध्ये चाळीसने रांगतोय."

जुलैत तर कहर झाला. इकडे शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याची हद्द बंद झाली. हद्दीवरच्या ऑल्बरीपर्यंत गाडी न्यायची आणि मुकाट परत फिरायचं. नेमकं त्याच आठवड्यात नितीनने कळवलं, युरोपातल्या सीमा उघडल्यात, शनिवारी गाडीने ऑस्ट्रियाला चाललोय, साल्झबुर्गला.

मिलिंद आमच्या सामाईक ड्राइव्हवेत येरझाऱ्या घालायला लागला. "मला मेलबर्नला जाता येत नाही, आणि हे साहेब चहा एका देशात पिणार, जेवणार दुसऱ्या देशात! चारशे किलोमीटरात! आपल्याकडे तेवढ्यात ऑल्बरीसुद्धा येत नाही."

"मग जाऊ दे ना त्याला."

"जाऊ दे की. डोंगरच बघणार ना? आपले ब्लू माउंटन्स काय वाईट आहेत?"

शनिवारी दुपारी दोनला, म्हणजे तिकडे सकाळी सहाला, तो ड्राइव्हवेत घडीची खुर्ची टाकून बसला. अंगात पफर जॅकेट, मांडीवर नकाशा उघडलेला टॅब्लेट, कानाला फोन. नितीनने लोकेशन शेअर केलं होतं. मी अंगणातली पानं गोळा करत होते, त्यामुळे नितीनची गाडी स्टुटगार्टमधून कशी बाहेर पडली ते मलाही कळलं.

"डावीकडे कशाला वळलास? ऑस्ट्रियाचं टोलचं स्टिकर घेतलंस का? हद्दीच्या आधी काचेवर लावायचं असतं... मला माहीत आहे, मी वाचलंय सगळं!"

मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "नित्या, आईला पुढे बसवलंयस ना? मागे बसली की तिला मळमळतं. आणि दर तासाला थांब. ती स्वतः सांगणार नाही, संकोचते."

माझा झाडू थांबला. त्याची आई इकडे येणार होती हे मला माहीत होतं, पण मला वाटलं होतं त्या साताऱ्यातच अडकल्या.

फोन ठेवल्यावर त्याने सांगितलं. फेब्रुवारीत आई आधी नितीनकडे गेली, दोन महिन्यांसाठी. तिथून एप्रिलमध्ये परस्पर सिडनीला यायची होती. व्हिसा, तिकीट, सगळं झालेलं. मार्चमध्ये इकडे देशाचीच दारं लागली.

"नवरा-बायको चालतात, मुलं चालतात. आईवडील म्हणे इमिजिएट फॅमिलीत बसत नाहीत." तो थोडा वेळ नकाशातल्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नितीनचं वजन वाढलंय. व्हिडिओत दिसतं ना. पाच महिने तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी खातोय. मोठा मी आहे!"

मला हसू आलं होतं, पण हसवेना.

अंधार पडायला लागला तशी सुजाताने आम्हाला दोघांना चहाला आत बोलावलं. खालच्या खोलीचं दार उघडं होतं. आधी तिथे त्याची ट्रेडमिल असायची. आता पलंग होता, त्यावर इलेक्ट्रिक ब्लँकेट, आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला नवाकोरा दांडा.

साडेसहाला फोटो आला. साल्झबुर्गचा किल्ला, आणि पुढे मास्क हनुवटीवर ओढलेली, साडीवर स्वेटर घातलेली आई. मिलिंदने फोटो मोठा केला, थेट तिच्या पायांपर्यंत.

"शूज नवे आहेत," तो म्हणाला. "त्याने घेतलेत."

तेवढ्यात फोन वाजला. कराडची मावशी, त्याच्या आईची थोरली बहीण. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलते ओरडून; त्याने नेहमीसारखा फोन स्पीकरवर टाकला.

"मिलिंदा, पोचली का रे आई?"

"कुठे, मावशी?"

"कुठे काय? तुझ्याकडे! काल म्हणाली, नितीनच्या गाडीने ऑस्ट्रेलियाला निघालेय. अख्ख्या आळीला सांगून आले मी. किती वाट बघत होतास रे!"

सुजाता फोनकडे वाकली, "अहो मावशी, ऑस्ट्रि—" मिलिंदने हात वर करून तिला थांबवलं. कपातला चहा तसाच होता.

"पोचली, मावशी," तो म्हणाला.

"दमली असेल. एवढ्या लांबून गाडीने म्हणजे..."

"थोडी दमलीये. खालच्या खोलीत पडलीये. इथे थंडी आहे ना, ब्लँकेट चालू करून दिलंय."

"झोपू दे तिला. उठली की चहा दे. आलं घाल."

"हो. देतो."

त्याने फोन टेबलावर ठेवला. मग सुजाता उठली आणि तिने खालच्या खोलीचं दार अगदी हलक्या हाताने, आवाज न करता लोटून घेतलं.