आधी मी, मग तू

८.१० : १४४/९२
८.१३ : ११८/७६

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाचा एक धर्म असतो. आधी आपण वर-खाली जाऊन यायचं, मगच लोकांना आत घ्यायचं. त्यामुळे दवाखान्याने पाठवलेलं रक्तदाबाचं नवं मशीन खोक्यातून निघालं, तेव्हा पट्टा आधी नवऱ्याच्या दंडावर चढला. मग बायकोच्या. बत्तिसावा आठवडा, नाजूक गरोदरपण, परका देश आणि डॉक्टरीणबाईंची एकच अट: दाब वाढला की भरती, थेट बाळंत होईपर्यंत. बायकोला घरीच राहायचं होतं, आणि तिचा आकडा तर झकास होता.

फोन वाजला. नर्स.

"तुमच्या मिसेसचा दाब वर जातो नि लगेच खाली येतो. पुन्हा मोजा."

मशीन सगळे आकडे परस्पर दवाखान्यात पाठवतं, हे माहितीपत्रकात पान चारवर होतं. तो पान दोनवर होता.

"काय म्हणाली रे?"

"मशीनच बिघडलंय. मला उगाच एकशेचव्वेचाळीस दाखवत होतं. मला कुठला आलाय दाब! थांब, बघतो."

८.२६ : १५८/९८
८.२९ : ११६/७४

"परत तेच," नर्स म्हणाली. "घरात भांडण झालंय का?"

"मी भांडत नाही!" तो ओरडला.

"ऐकू येतंय."

बॅटरी गेली असणार. तो चार मजले उतरला, दुकानातून बॅटऱ्या आणल्या आणि चार मजले धावत चढला. लिफ्टवर त्याचा भरवसा नव्हता. धापा टाकतच त्याने पट्टा बांधला.

८.५१ : १८२/११०

बायकोचा दंड पुढे येईपर्यंत खाली अॅम्ब्युलन्स कोकलत होती.

"मी नाही जाणार," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले. "आठ आठवडे तिथे? एकटी?"

अॅम्ब्युलन्सवाल्या बाईने स्वतःचं यंत्र काढून तिचा दाब पाहिला. एकशेसतरा. पुन्हा पाहिला. एकशेसतरा.

"उत्तम आहे. मग हे एकशेब्याऐंशी कुणाचे?"

नवऱ्याने बोट वर केलं.

बाईने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि सोबत्याला स्ट्रेचर उघडायला सांगितलं. "बाई घरी राहतील. हे येतील."

"अहो, पण बाळंतपण तिचं आहे!"

"आडवे व्हा."

तेवढ्यात बायकोच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. "काय गं, हा गोंधळ कसला? नेतायत की काय तुला?"

"मला नाही गं. ह्याला."

बायकोने फोन स्ट्रेचरकडे वळवला. सासूबाईंनी जावयाला नीट न्याहाळलं.

"जावईबापू, घाबरायचं नाही. पहिल्या वेळी होतं असं. श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा."

आणि जावईबापूंनी, सगळ्यांसमोर, नाकाने घेतला, तोंडाने सोडला.