रस्त्याच्या टोकाचं घर

जमालभाईंच्या चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासायचं यंत्र आलं, तेव्हा त्याच्यावर सगळ्यात आधी रुसले ते खुद्द जमालभाई. कंपनीनं यंत्र आठवडाभर वापरून बघायला दिलं होतं आणि ते मागवलं होतं त्यांच्या मुलीनं, रिदानं. डोळे तपासण्याचा कोर्स पुरा करून तिनं सरळ अट घातली होती. यंत्र टिकलं तर ती पनवेलच्या दुकानात राहील, नाहीतर मुंबईच्या शोरूममधली नोकरी धरेल. पोरगी जाणार या धास्तीनं जमालभाईंना घास गोड लागत नव्हता, पण तसं बोलून दाखवतील तर ते जमालभाई कसले.

गिऱ्हाईकं मात्र यंत्राजवळ फिरकेनात. इतकी वर्षं जमालभाई एकेक भिंग घालून 'आता कसं? आणि आता?' असं विचारत, मधेच पोराबाळांची चौकशी करत. हे यंत्र काही विचारत नाही आणि चहा प्यायच्या आत चिठ्ठी बाहेर टाकतं, म्हणजे ते नीट तपासत नसणार, असं लोकांचं मत पडलं. कामोठ्याच्या शोभाताई नवऱ्याला जवळजवळ ओढत घेऊन आल्या होत्या. चारुदत्त बँकेत अधिकारी. आदल्याच आठवड्यात त्यांनी भर बाजारात एका अनोळखी बाईंच्या हातात, शोभा समजून, भाजीची पिशवी दिली होती. तरी चष्म्याचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे.

"डोळे माझे, आणि मला न विचारता नंबर काढणार?" असं म्हणून ते बाहेर पडले.

मग गव्हाणच्या गुणाबाई चष्म्याची मोडलेली काडी बसवायला आल्या. रिकाम्या बसल्यात तर रिदानं त्यांना यंत्रापुढे बसवलं. आत नजर स्थिर राहावी म्हणून एक चित्र असतं. सरळ रस्ता, दोन्हीकडे हिरवीगार जमीन आणि टोकाला लाल कौलांचं घर. ते आधी धूसर दिसतं, मग स्वच्छ होतं.

"घर कोनाचा हाय, जमालभाय?" गुणाबाईंनी विचारलं. "आनि बाजूला एवरी जागा रिकामी कशी?"

जमालभाई बारीक स्क्रू पिळण्यात गुंग होते. "असेल कुणाचं तरी. तुम्ही हलू नका."

विमानतळ येणार म्हणून त्या दिवसांत पनवेलच्या माणसाला मोकळी जमीन दिसली, की तो मनातल्या मनात तिला कुंपण घालून मोकळा होई. गुणाबाईंनी परतीच्या रिक्षात ही गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी बाहेर रांग होती. त्यात प्लॉटचे दोन दलालही होते. एकेकजण हनुवटी टेकवून आत बघे आणि गंभीर चेहऱ्यानं उठे. कुणी रस्त्याची रुंदी सांगितली, कुणी पाण्याचं विचारलं. ते नुसतं चित्र आहे, असं जमालभाईंनी घसा बसेपर्यंत सांगितलं, आणि तिथंच ते फसले. माणूस इतकं नाही नाही म्हणतोय त्या अर्थी नातेवाइकांसाठी राखून ठेवत असणार, अशी सगळ्यांची खात्री पटली. रात्री जमालभाईंच्या बायकोनं, खतीजाबींनी, जेवण वाढता वाढता ऐकवलं, की कुवेतहून आपल्या भावाचा फोन आला होता आणि घरच्यांना ही बातमी बाहेरून कळावी याचं त्याला फार वाईट वाटलं.

शेवटी चारुदत्तही आले. मागून शोभाताई. चारुदत्तांनी काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "ते रस्त्याच्या टोकाचं अजून शिल्लक आहे ना?"

जमालभाई खरं सांगायला तोंड उघडणार, तोच नवऱ्याच्या खांद्यामागून शोभाताईंनी हात जोडलेले दिसले.

"हनुवटी टेकवा," जमालभाई म्हणाले.

"अंधुक दिसतंय," चारुदत्त म्हणाले. "टायटल क्लिअर नसणार."

चिठ्ठी आली. तिच्याप्रमाणे रिदानं चाचणीच्या फ्रेममध्ये भिंगं घालून ती त्यांच्या नाकावर चढवली. चारुदत्तांनी समोरच्या दुकानाची पाटी वाचली, मग तिच्याखालची बारीक अक्षरं वाचली आणि मग वळून बायकोकडे बघतच राहिले.

"ही साडी नवी का गं?"

"मागच्या दिवाळीची," शोभाताई म्हणाल्या, आणि वर्षभराचा राग विसरून चक्क लाजल्या. घराचा विषय तिथंच राहिला. चष्मे मात्र दोन ठरले.

आठवडा संपला. कंपनीचा माणूस आला आणि तपासण्यांचा आकडा बघून खुर्चीतच बसला. एवढा प्रतिसाद त्यांना कुठल्या शहरात मिळाला नव्हता. यंत्र इथंच राहणार हे ऐकताच रिदानं शोरूमला फोन लावून नोकरीला नकार कळवला. जमालभाई भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधू लागले. कुणी विचारायच्या आत, डोळ्यात कचरा गेलाय, असं त्यांनी जाहीर केलं.

"मग बसा इथं, अब्बा. बघू दे," रिदा म्हणाली.

इतक्या दिवसांत त्यांनी स्वतः यंत्रात एकदाही बघितलं नव्हतं. त्यांनी हनुवटी टेकवली. धुकं विरलं आणि रस्ता दिसला, हिरवळ दिसली, लाल कौलं दिसली. हे चित्र आहे असं पनवेलमध्ये त्यांच्याइतकं ओरडून कुणीच सांगितलं नव्हतं.

"साहेब," मान न हलवता त्यांनी कंपनीच्या माणसाला हळूच विचारलं, "हे नक्की कुठं आलं? रिदाच्या नावानं बघितलं असतं."

चहा घेऊन आलेल्या खतीजाबींनी कप खाली ठेवले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी परवाच बघितलंय. घर झकास आहे, पण बाजार फार लांब पडतो."