पाळीवाल्याचा कप

विद्यापीठाने झाडलोट करणाऱ्या बाईचे तास कापले आणि तत्त्वज्ञान विभागाच्या चहाच्या खोलीतले कप कोणी धुवायचे, असा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या एखाद्या विभागात तो एका ब्रशने सुटला असता. इथली माणसं मात्र प्रश्न सोडवण्यापेक्षा ते नीट मांडण्यात हयात घालवलेली. त्यांनी बैठक बोलावली.

बैठकीला चौघं होती. विभागप्रमुख लोरेन हिकी नीतिशास्त्र शिकवायची. खरं बोलण्याच्या कर्तव्यावर तिचं उशीएवढं जाड पुस्तक होतं. कोस्टा व्लाहोसचं म्हणणं असं, की काही विधानं एकाच वेळी खरीही असतात आणि खोटीही. बाहेर रस्त्यावर असं बोलला असता तर कुणीतरी हाताला धरून त्याला घरी पोचवलं असतं, पण ऑस्ट्रेलियातल्या तर्कशास्त्रात या मताला बरे दिवस होते. तिसरा डेस्मंड ट्रेविन, म्हणजे डेस. तर्कशास्त्राचा प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेला. विद्यार्थ्याने उत्तरात 'तसं पाहिलं तर' लिहिलं की हा लाल पेन काढायचा.

चौथी सिना लेओटा, घराणं मूळचं समुद्रापलीकडच्या छोट्या बेटावरचं. ती संचांचा सिद्धांत शिकवायची आणि करारावर होती. तिची जागा कायम करायची की नाही हे ठरवायला पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, समिती यायची होती. त्या भरवशावर तिने आईला ऑकलंडहून आणून ठेवलं होतं. या डोंगरातल्या गावात जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, गवतसुद्धा गोठतं. म्हातारी दोन स्वेटर चढवून हीटरला चिकटून बसायची आणि लेक घरात पाऊल टाकते न टाकते तोच विचारायची, "झालीस का गं कायम?" सिना म्हणायची, "होणार. डेसने शब्द दिलाय." आणि डेसने खरंच शब्द दिला होता. सिना राहिली नाही तर आपल्यामागे इथे तर्कशास्त्राचं नाव घ्यायला कोस्टाशिवाय कुणी उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"दर आठवड्याला एकाची पाळी," लोरेन म्हणाली. "जो आपला कप स्वतः धुत नाही, त्याचा पाळीवाल्याने धुवायचा."

"आणि जो स्वतः धुतो त्याच्या कपाला पाळीवाल्याने बोट लावायचं नाही," कोस्टा गुरकावला. "मागे कुणीतरी माझ्या कॉफीच्या कपाला साबण लावला. तीस वर्षांची चव गेली!"

"डेस, तूच लिही बाबा नियम," लोरेन म्हणाली. " तुझ्या वाक्यातून पाणीसुद्धा गळत नाही."

डेस फुशारला. त्याने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'विभागाचा जो सदस्य आपला कप स्वतः धुत नाही, त्याचा कप पाळीवाल्या सदस्याने धुवावा. जो स्वतः धुतो, त्याचा कप पाळीवाल्याने धुऊ नये.'

सिनाने हात वर केला. "डेस, पाळीवाल्याचा स्वतःचा कप—"

"सिना, आता मतदान चालू आहे," लोरेन म्हणाली. "करारावरच्यांना मत नसतं. तुझा हात मोजता यायचा नाही."

"मत नाही देत आहे मी, फक्त—"

"नंतर सांग हं," डेस मायेने म्हणाला. नियम एकमताने मंजूर झाला आणि पहिली पाळी डेसच्याच गळ्यात पडली.

सोमवारी साडेदहाचा चहा झाल्यावर डेस आपला कुकाबुरा पक्ष्याचं चित्र असलेला मोठा कप घेऊन नळाशी गेला. आयुष्यभर तो आपला कप आपणच धुत आला होता. मागून कोस्टा ओरडला, "थांब! काय करतोयस?"

"कप धुतोय."

"म्हणजे तू आपला कप स्वतः धुणारा झालास. आणि असल्या माणसाचा कप पाळीवाल्याने धुवायचा नाही. पाळीवाला कोण? तू."

डेसने नळ बंद केला. "बरं, नाही धुत."

"मग तू न धुणारा झालास. न धुणाऱ्याचा कप पाळीवाल्याने धुवायलाच हवा. धू!"

डेसने नळ सोडला. पुन्हा बंद केला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे कोडं तो दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायचा. ज्याला ते दिसत नसे त्याच्याकडे, पोरा तू शेती का करत नाहीस, अशा नजरेने बघायचा. आणि आज त्याच्याच अक्षरात ते फळ्यावर लिहिलेलं होतं.

साधा माणूस हसला असता आणि कप धुऊन मोकळा झाला असता. साधा माणूस इथे नोकरीलाच लागत नसे. नियम बदलायला पुन्हा बैठक हवी, आणि बैठकीत 'माझं चुकलं' म्हणायला हवं. ते डेसला जमेना. उलट त्याने जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर सिद्ध करून टाकलं, की असा पाळीवाला अस्तित्वातच असू शकत नाही. सिद्धता निर्दोष होती. पाळीवालाच नाही, म्हणजे पाळी नाही, म्हणजे कुणाचाच कप धुवायची जबाबदारी कुणावर नाही.

"पाळीवाला आहे आणि नाही," कोस्टा दुसऱ्या दिवशी म्हणाला. "माझ्या मते तुझा कप धुतलेला आहे आणि धुतलेलाही नाही."

"मग पी त्यातून."

कोस्टा तत्त्वाचा पक्का. तो प्यायला, आणि दोन दिवस संडासात ये-जा करत राहिला. तिथे मात्र दोन्ही बाजू खऱ्या असल्याचं तो काही बोलला नाही.

बुधवारपर्यंत मोरीत कपांचा ढीग झाला. तळाशी उरलेल्या दुधाला वास सुटला, कुकाबुराच्या चोचीखाली हिरवी बुरशी धरली. सिना नाक दाबून म्हणाली, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे. मी धुते."

"तू? मुळीच नाही!" लोरेन ताडकन उठली. "बेटावरनं आलेली, करारावरची तरुण मुलगी, आणि तिने आम्हा कायम प्राध्यापकांचे उष्टे कप धुवायचे? याला शोषण म्हणतात, सिना."

"मग तुम्ही धुता?"

"मी धुतले तर हा शोषणाचा प्रश्न दडपल्यासारखं होईल. त्यावर निबंध लिहितेय मी."

गुरुवार उजाडला आणि सभागृहाचा हीटर बंद पडला. कार्यालयातून निरोप आला, की समिती चहाच्या खोलीतच बसेल, तिथला हीटर चालू आहे. सिना नारळाच्या दुधात भाजलेल्या पावांची मोठी ताटली घेऊन दारात आली. म्हातारीने पहाटे उठून केले होते. खोलीत पाय टाकला तर लोरेन खिडक्या उघडत होती, कोस्टा पोट धरून बसला होता आणि डेस फळ्यापुढे डोकं खाजवत उभा होता.

"अर्ध्या तासात येतायत!" लोरेन म्हणाली. "धू रे बाबा काहीतरी!"

"मी धुतले तर माझी सिद्धता खोटी पडते," डेस म्हणाला. आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "सदस्य! अगं, नियम फक्त सदस्यांना लागू आहे! धुणारा माणूस सदस्यांच्या संचाबाहेरचा असला की विसंगतीच उरत नाही. आपण मूर्ख! सिना बैठकीत मत देऊ शकली नाही, बरोबर? सदस्याला मत असतं. सिनाला मत नाही. म्हणून—" त्याने फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सिना लेओटा विभागाची सदस्य नाही.' खाली पाच ओळींची सिद्धता, आणि शेवटी सिद्ध झाल्याचा चौकोन. कितीतरी वर्षांत इतकी सुबक सिद्धता त्याच्या हातून झाली नव्हती.

"वा!" कोस्टा पोट विसरून म्हणाला.

"पण शोषणाचं काय?" डेसने विचारलं.

लोरेनने घड्याळ पाहिलं, मोरी पाहिली. "तिने काल आपणहून विचारलं होतं. स्वखुशीने केलं तर त्याला शोषण म्हणता येणार नाही."

सिना फळ्याकडे बघत उभी होती. "म्हणजे मी तुमच्यातली नाही, म्हणून मी धुवायचे."

"फक्त या नियमापुरतं गं!"

"फळ्यावर 'या नियमापुरतं' असं लिहिलेलं नाही."

"ते गृहीतच आहे की."

"गृहीत काही धरायचं नाही, असं तुम्हीच शिकवता ना?" ती म्हणाली. पण समिती तिच्यासाठी येत होती, आणि सडक्या वासात तिला आपलं भवितव्य ठरवून घ्यायचं नव्हतं. तिने ताटली टेबलावर ठेवली, खुंटीवरचा अॅप्रन बांधला आणि बाह्या सरसावल्या.

समिती वेळेआधीच पोचली. अध्यक्ष गेलीन पर्व्हिस बाईंनी शहरातल्या मुख्य कार्यालयापासून दोन तास गाडी हाणली होती, हात गोठले होते. सिनाने ओल्या हातानेच त्यांना चहा दिला, पाव पुढे केले.

"अहाहा!" बाई म्हणाल्या. "कप काय लख्ख आहेत! मी तर समजत होते, तुमच्या बाईचे तास आम्ही कापले. ही कोण मग?"

"ही आमची सिना," डेस अभिमानाने म्हणाला. "सिना लेओटा. जिच्या जागेसाठी आपण—"

"अच्छा?" बाईंची नजर फळ्यावर गेली होती. त्यांनी चष्मा चढवला, चहाचा घोट घेतला आणि पाचही ओळी सावकाश वाचल्या. "हे कोणी लिहिलं?"

"मी. ते आपलं... कपांसाठी आहे."

"कपांसाठी?"

डेसने समजावायला सुरुवात केली. धुणारे, न धुणारे, पाळीवाला, संच, संचाबाहेरचं कुणी. जसजसं तो समजावत गेला तसतसा बाईंचा चेहरा कोरा होत गेला. सिना मोरीपाशी पाठमोरी उभी होती. हातात कुकाबुराचा कप, नळ बंद.

"प्राध्यापक ट्रेविन, मला तर्कशास्त्रातलं कळत नाही," पर्व्हिस बाई म्हणाल्या. "साधं विचारते. या बाईंची विभागाला कायमची गरज आहे, असं पत्र तुमच्याच सहीने आमच्याकडे आलंय. आणि इथे तुमच्याच अक्षरात लिहिलंय, की त्या विभागाच्या सदस्यच नाहीत. फळ्यावरचं विधान खरं आहे का?"

"आता, 'सदस्य' या शब्दाचा अर्थ तसा पाहिला तर—"

"हो की नाही?"

डेसने फळ्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. पण सिद्धता समोर होती, चौकोनासकट, आणि तिच्यात चूक नव्हती. आयुष्यभर त्याने एकाही खऱ्या विधानाला खोटं म्हटलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "खरं आहे."

"आणि खोटंही!" कोस्टा मदतीला धावला. "म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, बघा—"

"तुम्ही जरा थांबा. विभागप्रमुख?"

लोरेन खिडकीबाहेरच्या मॅगपाय पक्ष्याकडे बघत होती. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तिने लिहिलं होतं, की सत्य सांगताना त्याचे परिणाम बघू नयेत. "तांत्रिकदृष्ट्या," ती पक्ष्यालाच उद्देशून म्हणाली, "विधान बरोबर आहे."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला, छान आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक पाव उचलला. "हे कोणी केलेत? फारच सुरेख."

"माझ्या आईने," सिना म्हणाली.

समितीचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. विभाग स्वतःच ज्यांना सदस्य मानत नाही, त्यांच्यासाठी कायम जागा निर्माण करता येत नाही, असं त्यात होतं. विभागाचा प्रामाणिकपणा आणि चहाची व्यवस्था या दोन गोष्टींचं कौतुकही होतं.

सिना शेवटच्या दिवशी आपला कप न्यायला आली. डेस एकटाच होता. फळा अजून कुणी पुसला नव्हता.

"सिना, मी वर लिहिणार आहे. सगळं नीट मांडून—"

"नका मांडू," ती म्हणाली. "सिद्धता बरोबर आहे, डेस. मी तपासली. पहिल्या ओळीत 'सदस्य' म्हणजे कोण ते तुम्ही ठरवलंत, बाकी सगळं आपोआप आलं." तिने कप धुतला, पुसला, पिशवीत टाकला. "एक विचारू? त्या सोमवारी तुम्ही आपला कप धुतला असतात तर काय झालं असतं?"

"नियम मोडला असता."

"आणि?"

बाहेर गाडीत म्हातारी दोन स्वेटर घालून बसली होती. मांडीवर रिकामी ताटली होती. सिना गेली.

बऱ्याच वेळाने डेस उठला. आपला कप घेऊन मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि खसाखसा घासायला लागला. दारात कोस्टा उभा होता.

"नियम मोडलास तू," कोस्टा म्हणाला.

"हो."

नळ वाहत होता. कुठे काही झालं नाही. डेसने कप भिंतीवर, सिनाचा कप असायचा त्या रिकाम्या आकड्याशेजारी टांगला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणी बघितलं तरी आता त्याला पर्वा नव्हती.

तेवढ्यात लोरेन लगबगीने आत आली, तिच्या हातात चहाचा कप होता. "अरे वा, लागलास का धुवायला? बरं झालं बाई, निकाल लागला एकदाचा. माझाही घे ना."

डेसने तिचा कप घेतला.

"हा माझा," कोस्टाने पुढे केला. "साबण लावू नकोस हं."