दार कुठल्या बाजूला?

गवंड्याने पहिला घाव घातला तेव्हा मास्तर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. स्वयंपाकघर पडत होतं आणि ते पुन्हा उभं करायचे पैसे शिल्लक नव्हते, ही गोष्ट त्या घरात एकट्या मास्तरांना ठाऊक होती.

"अहो, बघायला या ना! उजेड आला!" आतून त्यांच्या बायकोची हाक आली.

"आलो, आलो," मास्तर म्हणाले आणि बसून राहिले.

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं. बायकोला मात्र नाही. "तुला काय करायचंय शिकून? मी आहे ना!" हे लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिलेलं उत्तर, आणि त्यात सुधारणा करावी असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं. बाईंनीही तो विषय सोडून दिला होता. त्यांचा हट्ट आता एकच उरला होता, खिडकीचा. त्यांच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि कढई घेऊन वळायचं झालं तर आधी बाहेर यावं लागे. खिडकीवाल्या नव्या स्वयंपाकघरासाठी दोघांनी मिळून पैसे साठवले होते. गुंतवले मात्र मास्तरांनी एकट्याने.

तेही बाईंच्या धाकट्या भावाच्या कंपनीत. मेहुणा कॅम्परव्हॅन भाड्याने देत असे. आत पलंग, ओटा, शेगडी, बेसिन. बाजूला सरकतं दार आणि दारावर ओढून घ्यायचं कापडी छत. "भाऊजी, लोकांना हॉटेलं नकोशी झालीत," तो म्हणाला होता. "लोकांना घर सोडून घरातच राहायला जायचंय." हे वाक्य मास्तरांना नीट कळलं नाही, म्हणूनच फार आवडलं.

धंदा खरोखर बरा चालला होता. त्या भरात कंपनीने परदेशात शाखा काढायचं ठरवलं, आणि गुंतवणूकदारांच्या सभेत मास्तरांनी, कोणी विचारलेलं नसताना, तोंड उघडलं.

पडद्यावर परदेशातला गुळगुळीत रस्ता दिसत होता. मंडळी चहात बिस्किटं बुडवून माना डोलवत होती. मास्तर उठून उभे राहिले.

"त्या देशात गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतात?"

मेहुण्याने फोनमध्ये बघितलं. "उजवीकडून."

"आणि आपल्या व्हॅनचं स्टिअरिंग?"

"तेही उजवीकडेच."

"मग ते डावीकडे नको? ओव्हरटेक करताना समोरचं दिसायचं कसं?"

कित्येकांची बिस्किटं चहात पडली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "भाऊजी, तुम्ही कंपनी वाचवलीत!" मेहुणा गहिवरून म्हणाला आणि मास्तरांना तिथल्या तिथे सुरक्षा सल्लागार हे बिनपगारी पद मिळालं. परदेशी निघालेल्या सगळ्या व्हॅनची स्टिअरिंगं उपसून डावीकडे बसवली. त्यात कंपनीची होती नव्हती ती शिल्लक गेली. पण मास्तरांनी एकेका व्हॅनमध्ये बसून पेडलं दाबून पाहिली, 'उत्तम' असा शेरा मारला आणि व्हॅन बोटीवर चढल्या.

परदेशातून नफा यायचा आणि मग गवंड्याला बोलवायचं, असा मास्तरांचा बेत होता. पण गवंड्याचं दुसरीकडचं काम अचानक रद्द झालं आणि तो महिनाभर आधीच हातोडा घेऊन दारात हजर झाला. बाईंनी त्याला हसतमुखाने आत घेतलं.

आत ओटा कोसळला आणि बाहेर मास्तरांचा फोन वाजला.

"भाऊजी, बसलाय ना?" मेहुणा विचारत होता.

"बसलोय."

"घट्ट बसा. तिकडे आपली पहिली व्हॅन भाड्याने गेली."

"वा! मग?"

"एक जोडपं होतं. त्यांनी हमरस्त्याच्या कडेला व्हॅन उभी केली. बायकोने आत सूप केलं. बाहेर बसून पिऊ म्हणून तिने दार सरकवलं, पण ते अर्ध्यात अडकलं. म्हणून जरा बाहेर ढकललं..."

"मग?"

"दार ट्रकने नेलं."

"आणि... ती बाई?"

"तिला काही नाही झालं. सूपसुद्धा सांडलं नाही. नुसती वाडगा धरून उभी होती म्हणे, हलायलाच तयार नव्हती. भाऊजी, आपल्या व्हॅनचं दार डावीकडे असतं. इथे डावीकडे फुटपाथ येतो. तिथे..."

"भर रस्ता येतो," मास्तर पुटपुटले.

"दुसऱ्या एकाने बाजारपेठेत कापडी छत उघडलं. ते एका बसच्या टपावर जाऊन बसलं. पण तुम्ही तर सुरक्षा सल्लागार होतात ना!"

"मी स्टिअरिंग बघितलं रे!"

ते खोटं नव्हतं. जन्मभर त्यांनी गाडीत शिकाऊ माणसाचे हात आणि पाय यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं. गाडीला मागे दार असतं आणि त्यातून माणसं उतरतात, हा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

हातोडा केव्हाच थांबला होता. बाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. केसांवर, भुवयांवर सिमेंटची धूळ.

"कुणाचं दार नेलं? कसला ट्रक?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी 'दूरदृष्टी' हा शब्द दोनदा वापरला. बाईंनी पदराने भुवयांवरची धूळ पुसली.

"म्हणजे माझी खिडकी तुम्ही परदेशात पाठवलीत?"

मास्तर उलटं वर्तमानपत्र सरळ करू लागले. गवंड्याने मात्र परिस्थिती ओळखली. "साहेब, विटा आल्या की कळवा," म्हणत त्याने थापी पिशवीत टाकली आणि मागच्या भिंतीतून निघून गेला. तिथे आता दाराची गरज उरली नव्हती.

शेगडी निजायच्या खोलीत आली. डबे कपड्यांच्या कपाटात गेले. मास्तरांच्या शर्टांना कांद्याचा वास येऊ लागला आणि शिकाऊ मंडळी गाडीच्या काचा खाली करून बसू लागली. बाई मास्तरांशी बोलेनाशा झाल्या. दुपारी त्या कुठेतरी बाहेर जात. कुठे, हे विचारायची मास्तरांची छाती नव्हती.

त्या देशाने व्हॅनवर बंदी घातली आणि सगळ्या व्हॅन परत आल्या. इथे दार बरोबर बाजूला होतं, पण आता स्टिअरिंग चुकीच्या. असली व्हॅन भाड्याने घेणार कोण? स्टिअरिंग पुन्हा उजवीकडे न्यायला कंपनीकडे दमडी नव्हती. शेवटी गुंतवणूकदारांना पैशांऐवजी एकेक व्हॅन द्यायचं ठरलं. एका सकाळी क्रेनने मास्तरांची व्हॅन फाटकाशी आणून ठेवली.

"ताई, ही भाऊजींच्या वाटची," मेहुणा क्रेनच्या मागूनच म्हणाला.

"चालते का?"

"इंजिन झकास आहे गं. पण चालवणार कोण?"

मास्तरांनी एकदा प्रयत्न केला. पण डाव्या सीटवर बसून त्यांनी आजवर फक्त दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबला होता. पाय दुसरीकडे जाईचना. व्हॅन उचक्या देत कोपऱ्यापर्यंत गेली आणि चौघांनी ढकलत परत आणली.

"हे माणसाला जमण्यासारखं नाही," मास्तरांनी निकाल दिला.

बाई व्हॅनमध्ये चढल्या. बराच वेळ आत खुडबुड चालू होती. मग खट्कन आवाज झाला आणि व्हॅनच्या कुशीतली लांबरुंद खिडकी उघडली. ऊन थेट ओट्यावर पडलं. संध्याकाळपर्यंत कपाटातले सगळे डबे व्हॅनमध्ये गेले होते. दुसऱ्या दिवशी खिडकीतून मास्तरांपुढे ताट आलं, आणि ताटापाठोपाठ कित्येक दिवसांनी शब्द आले, "मीठ बघा कसं झालंय."

मीठ जास्त होतं. "एकदम बरोबर," मास्तर म्हणाले. आठवडाभरात त्यांना पुन्हा कंठ फुटला. "गुंतवणूक कशी दूरचं बघून करावी लागते," ते शिकाऊ लोकांना चौकात सिग्नलवर समजावू लागले.

मग एका दुपारी ते जेवायला घरी आले आणि फाटकाशीच थिजले. स्वयंपाकघर जागेवर नव्हतं. होता तो फक्त ऑइलचा डाग.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "अरे, व्हॅन चोरीला गेली!"

"काहीतरीच काय, भाऊजी! ती चालवता येणारा चोर आणायचा कुठून?"

तेवढ्यात दुसरा फोन आला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि काहीतरी चुरचुरत होतं.

"अहो, जेवायला तळ्यावर या. भाजी होत आलीय."

"तू तळ्यावर? व्हॅन कुणी नेली?"

"मी."

"तुला कुठे येतं चालवायला?"

"पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलमध्ये शिकले. स्वयंपाकघर पाडल्यावर दुपारची मोकळीच होते की. लायसन्सही आलं."

पलीकडच्या गल्लीतलं स्कूल. मास्तर फाटकाला धरून उभे राहिले. "अगं, पण स्टिअरिंग डावीकडे आहे! मला, मला जमलं नाही ते!"

"त्यात काय? लग्न झाल्यापासून तुमच्या शेजारी डावीकडेच बसतेय मी. आज समोर स्टिअरिंग होतं, एवढंच."

भाजी चुरचुरत राहिली.

"ऐकताय ना? बसने या," बाई म्हणाल्या. "आणि उतरताना आधी दार कुठल्या बाजूला आहे ते बघा."